चार फुटी टाकीत ओढ्यासारखं वाहतं पाणी: पंप, पाइप आणि पुण्याचा उन्हाळा

ओढेकरी

नमस्कार. ओढ्यातल्या माशांसाठी एका दिशेने वाहणारी टाकी घरीच बांधायची आहे. काच कापून, चिकटवून तयार आहे: ४८ × १८ × १५ इंच, ८ मिमी काच, वर आडव्या पट्ट्या. पाणी १२ इंचांपर्यंतच भरणार, म्हणजे साधारण १६० लिटर. जागा कोथरूडमध्ये, तिसरा मजला, हॉलची पूर्वेकडची भिंत.

मासे शक्यतो आपल्याकडचेच हवेत: तळाला मुरे (छोटे लोच, म्हणजे तळाशी राहणारे मिशीवाले मासे) आणि मळ्या, वरच्या थरात डेव्हारिओ (छोटे, थव्याने पोहणारे मासे). दुकानात सेवेलिया (व्हिएतनामचा तो चपटा, दगडाला चिकटणारा लोच) मिळतोय, तोही मनात आहे.

बेत असा आहे. एका टोकाला ताशी २००० लिटरचे दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचे पंप), दुसऱ्या टोकाला दोन स्पंज आणि दोन्ही टोकं जोडणारे अर्धा इंची पाइप खडीखालून. पंप स्पंजातून पाणी ओढणार, ते पाइपातून अलीकडे आणणार आणि टाकीच्या लांबीच्या दिशेने सोडणार. ४००० भागिले १६०, म्हणजे तासाला २५ वेळा पाणी फिरेल.

आता प्रश्न. अर्धा इंच पुरेल का? एवढ्या पंपांनी खरंच ओढ्यासारखा प्रवाह होईल का? एप्रिल-मेमध्ये या खोलीत साध्या टाकीचं पाणी ३१ अंशांवर जातं, त्याला उपाय काय? आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर काय करायचं?

फिटिंगवाला

अर्धा इंच अजिबात नको, एक इंच घ्या. ताशी २००० लिटर म्हणजे सेकंदाला साडेपाचशे मिलिलिटर. शेड्युल ४० (भिंतीच्या जाडीचा दर्जा) च्या अर्धा इंची पाइपचा आतला व्यास जेमतेम १६ मिमी, त्यातून एवढं पाणी न्यायचं तर वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वर जातो. सव्वा मीटर लांबी, दोन-तीन वळणं आणि स्पंज धरला तर फक्त घर्षणापोटी दोन मीटर उंचीएवढा दाब खर्च होतो. या पॉवरहेडची एकूण ताकदच दीड-दोन मीटर असते. म्हणजे पंप चालू दिसेल, पण खोक्यावर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मं पाणीही मिळणार नाही. शिवाय ही अडवणूक ओढीच्या बाजूला असल्यामुळे पंप कर्रकर्र वाजतो आणि त्याचा पंखा लवकर झिजतो. एक इंची पाइपात (आत साडेसव्वीस मिमी) तेच पाणी सेकंदाला एक मीटरने जातं आणि तोटा वीतभर राहतो.

दोन सुटे पाइप टाकण्यापेक्षा तळाला आयत करा. दोन लांब नळ्या ९० सेंमीच्या, दोन आडव्या २२ सेंमीच्या. प्रत्येक कोपऱ्यावर एक टी, पाच सेंमीचा तुकडा आणि एक एल्बो. टीचं तोंड वर, त्यात उभी नळी. चार टी, चार एल्बो आणि दोन एंड कॅप लागतील. पाइप तीन मीटरला जेमतेम बसतो, म्हणून अर्धा मीटर जास्त आणा. आयताचा फायदा असा की एक स्पंज तुंबला तरी दुसऱ्यातून दोन्ही पंपांना पाणी मिळत राहतं. सुट्या पाइपात स्पंज तुंबला की त्या बाजूचा पंप कोरडा पडतो.

स्पंजाच्या टोकाच्या उभ्या नळ्या १५ सेंमीच्या ठेवा आणि वर कॅप लावा. त्यांना ६ मिमीच्या ड्रिलने भोकं पाडा, आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ. चौसष्ट भोकांचं क्षेत्रफळ अठरा चौरस सेंमी होतं, पाइपाच्या तोंडाच्या तिप्पट. यापेक्षा कमी केलीत तर भोकांपाशी ओढ वाढते आणि मुऱ्यांची पिल्लं स्पंजाला चिकटून मरतात. स्पंज जाड छिद्रांचा आणि मोठा, १० × १० × १५ सेंमीच्या खाली नको. बारीक छिद्रांचा स्पंज दोन दिवसांत बसतो.

सॉल्व्हंट सिमेंट फक्त तळाच्या आयताला लावा. उभ्या नळ्या नुसत्या दाबून बसवा, म्हणजे साफसफाईला निघतील. आयत टाकीच्या आतच असल्यामुळे सांध्यातून थेंबभर गळलं तरी जमीन ओली होत नाही, पण जी फट राहील तिथून पंप जवळचं पाणी ओढेल आणि लांबच्या टोकाचा प्रवाह तेवढा घटेल. चिकटवल्यावर चोवीस तास वाळवा, मग बादलीत दोनदा पाणी बदलून भिजवा. पंपाचं तोंड आणि पाइप यांचं माप सहसा जुळत नाही. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून नायलॉनच्या टायने आवळला की काम होतं. लोखंडी क्लिप नको, गंजते.

प्रवाहमाप

पाइपाबद्दल वरचं सगळं पटलं. पण "तासाला २५ वेळा" या हिशेबावर थांबू नका, कारण माशाला तासाचे लिटर कळत नाहीत, वेग कळतो. तुमच्या टाकीचा पाण्याखालचा छेद ४४ × ३० सेंमी, म्हणजे तेराशे चौरस सेंमीच्या वर. त्यातून ताशी ४००० लिटर सारखं पसरून वाहिलं तर वेग येतो सेकंदाला एक सेंमीपेक्षाही कमी. तो ओढा नाही, तो डोहच झाला.

प्रत्यक्षात मासे प्रवाहाकडे तोंड करून पोहताना दिसतात ते पंपाच्या धारेमुळे. धार बारीक तोंडातून जोरात निघते आणि आजूबाजूचं पाणी ओढून बरोबर नेते. जेवढं पाणी पाइपातून परत येतं त्याच्या कितीतरी पट पाणी धार पुढे ढकलते. उरलेलं सगळं टाकीतूनच मागे वळतं, तळाने किंवा काचेच्या कडेने. म्हणून "संपूर्ण टाकी एकाच दिशेने" हे पाइप टाकूनही पूर्ण खरं होत नाही. परतीचं पाणी कुठून वळेल ते मात्र आपल्या हातात असतं. दोन्ही पंप पुढच्या काचेकडच्या निम्म्या रुंदीत, पाण्याखाली सात-आठ सेंमीवर ठेवा, आणि मोठे दगड मागच्या काचेला समांतर रांगेत मांडा. मग परतीचा प्रवाह मागून जातो आणि पुढे स्वच्छ धार राहते.

मोजायची रीत सोपी आहे. थर्माकोलचा हरभऱ्याएवढा मणी धारेत सोडा आणि टाकीबाहेर पट्टी धरून ६० सेंमी जायला किती सेकंद लागतात ते बघा. तीन सेकंद लागले तर वेग २० सेंमी. मणी पृष्ठभागाचाच वेग सांगतो, म्हणून खालच्या थरासाठी ड्रॉपरने हळदीच्या पाण्याचे दोन थेंब तळाशी सोडा आणि पिवळी रेघ कुठे जाते ते पाहा. मधल्या भागात १५ ते २५ सेंमी, पंपासमोर त्याहून जास्त आणि दगडांमागे जवळपास शून्य, अशी सरमिसळ हवी. सगळीकडे सारखा जोर असला तर मासे थकतात. खळाळातला मासासुद्धा बहुतेक वेळ दगडाच्या आडोशालाच असतो, घास दिसला की धारेत येतो.

काच अजून रिकामी आहे म्हणून आणखी एक रचना सुचवतो. लांबीच्या दिशेने मध्ये एक उभी आडभिंत घाला, ८ मिमी ॲक्रिलिकची, ३२ इंच लांब, म्हणजे दोन्ही टोकांना आठ-आठ इंच मोकळे राहतील. पुढचा पट्टा १२ इंच, मागचा जेमतेम ६ इंच. मागच्या पट्ट्यात एक डीसी वेव्हमेकर (पंख्याने पाणी ढकलणारा पंप) लावा. पाणी गोल फिरतं. एकदा चालतं झालेलं पाणी थांबत नाही, पंपाला फक्त घर्षणापुरता जोर द्यावा लागतो, आणि पुढच्या पट्ट्यात काचेपासून आडभिंतीपर्यंत प्रवाह खरोखर एकाच दिशेचा मिळतो. चारही कोपऱ्यांत वाकवलेली पातळ ॲक्रिलिक पट्टी बसवा, नाहीतर तिथे भोवरे धरून अर्धा वेग जातो. गाळ आडभिंतीच्या टोकांशी आतल्या बाजूला साचेल. नदीच्या वळणावर वाळू आतल्या काठालाच पडते, त्याचं कारणही हेच. सायफन तिथेच फिरवा. गाळणीसाठी वेगळा स्पंज फिल्टर लागेल आणि मागच्या पट्ट्यात गेलेले मासे दिसणार नाहीत, या दोन उणिवा आहेत.

फिटिंगवाला

आडभिंतीची रचना वेगासाठी सरस आहे हे मान्य. पण सहा इंची पट्ट्यात हात घालून वेव्हमेकर साफ करायचा म्हणजे कसरत आहे, आणि आडभिंत सिलिकॉनने एकदा चिकटवली की कायमची. ती चिकटवू नका, तळाला आणि वरच्या पट्टीला यू-चॅनल लावून सरकवता येईल अशी बसवा. सिलिकॉन कुठेही लावाल तर बुरशीरोधक बाथरूमचं नको, त्यातलं औषध माशांना घातक असतं.

सह्यमीन

मासे आणि दगड यांबद्दल लिहितो.

मुऱ्यांमध्ये आपल्या भागात पॅराकँथोकोबायटिस मुरेह, इंडोरिओनेक्टीस इव्हझार्डी आणि शिस्टुरा डेनिसोनी हे तीन सहज जमणारे, तिन्ही बोटापेक्षा लहान. सहा-सात एकत्र ठेवा. एकटादुकटा मुरा दिवसभर दगडाखालून बाहेर येत नाही. डेव्हारिओ आठ ते दहा, कमी असले की ते एकमेकांची शेपटी कुरतडतात. मळ्या (गारा मुल्या) मात्र एकच किंवा थेट पाच-सहा ठेवा. दोन ठेवलेत तर मोठा लहानाला एका कोपऱ्यात दाबून धरतो. तो वितीच्या जवळपास वाढतो, त्यामुळे चार फुटांत पाच-सहा पिल्लं वर्षभरच चालतील. तुमच्यासाठी एक बरा. सेवेलियाला २० ते २४ अंश पाणी मानवतं. पुण्याच्या मेमध्ये चिलरशिवाय त्याच्या नादी लागू नका.

मासे ओढ्यातून आणणार असाल तर ताम्हिणीसारख्या अभयारण्याच्या हद्दीत हात घालायचा नाही, तो गुन्हा आहे. देवाच्या कोंडीतूनही (देवाच्या नावाने मासे राखलेला डोह) नको. जून ते सप्टेंबर ही यांच्या विणीची वेळ, तेव्हा तर नकोच. दिवाळीनंतर पाणी निवळलं की गरजेपुरतेच, आणि ज्या जातीची खात्री नाही ती जागच्या जागी सोडून. टाकीतला कंटाळा आलेला मासा परत नदीत सोडणं त्याहून वाईट. मुळा-मुठेत तिलापिया आधीच माजलाय, त्यात टाकीतले आजार आणि परक्या जातींची भर नको.

दगड आपल्या काळ्या पाषाणाचेच, गोल झालेले. बेसाल्टमुळे पाणी जड होत नाही. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळा, फेस आला तर त्यात चुना आहे, बाजूला ठेवा. बांधकामाची ६ मिमीची खडी अजिबात वापरू नका. ती क्रशरमधून आलेली असते, कडा धारदार असतात, मुऱ्यांच्या मिशा आणि पोट खरवडून निघतं आणि तिथे बुरशी धरते. नर्सरीत मिळणारे वाटाण्याएवढे गोल गोटे घ्या, पाइप झाकायला पाच-सहा सेंमीचा थर पुरतो. मोठे दगड आधी, तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी टाकून त्यावर ठेवा, मग गोटे ओता. उलट केलंत तर मळ्या खालून उकरतो आणि दगड कलंडून काच तडकते.

आता ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात ते. मळ्या आणि सेवेलिया ज्यावर जगतात तो दगडावरचा हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर नव्या टाकीत नसतो. त्यासाठी दगडांचे दोन संच करा. एक टाकीत, दुसरा गच्चीत उन्हात, उथळ पसरट घमेल्यात, टाकीतून काढलेल्याच पाण्यात. आपल्या उन्हात दोन आठवड्यांत दगडावर बोट फिरवलं की घसरतं, तेव्हा अदलाबदल करा. घमेल्यातलं पाणी तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात. जोडीला उकडलेला दोडका किंवा काकडीची चकती दगडाखाली दाबून द्या. कोरडं खाद्य धारेत टाकलं तर चार सेकंदांत स्पंजावर जाऊन बसतं आणि तिथेच कुजतं. पंप दहा मिनिटं बंद करून द्या किंवा ड्रॉपरने दगडाच्या आडोशाला सोडा.

झाकण विसरू नका. मळ्या आणि मुरे ओल्या काचेवरून चढतात, पंपाच्या वायरीच्या फटीतून बाहेर पडतात. काचेचं झाकण नको, हवा कोंडते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत डासांची जाळी बसवून घ्या.

ओढेकरी

मनापासून आभार. पाइप एक इंचीच घेतो. सेवेलियाचा विचार सोडला. आडभिंतीची कल्पना आवडली, पण निर्णय तापमानावर ठरेल असं वाटतंय. ३१ अंशांत मुरे टिकतील का? आणि पाणी महापालिकेचंच आहे, बोअरचं नाही.

प्रवाहमाप

डोकं तापमानातच घालायला हवं. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब सहा-सात टक्के कमी, म्हणून आपल्याकडे हेच आकडे साडेआठ आणि सातच्या आसपास येतात. त्यात गरम पाण्यात माशाची गरज वाढते. आपले मुरे उन्हाळ्यात आटत्या डबक्यात तग धरतात, ते २८ अंश सहज आणि तीस काही दिवस सोसतील, पण पृष्ठभाग सतत ढवळता असेल तरच. पंपाची धार थोडी वरच्या दिशेला वळवून पृष्ठभागावर लाटा उठवा.

पंप स्वतःच पाणी तापवतो, हे लक्षात घ्या. २००० लिटरचा एसी पॉवरहेड ३०-३५ वॅट खातो. दोन पंपांचे ७० वॅट शेवटी सगळे पाण्यातच उष्णता होऊन उतरतात. ही उष्णता फक्त बाष्पीभवनाने काढायची तर रोज अडीच लिटर पाणी उडावं लागतं. आडभिंतीच्या रचनेत १५ वॅटचा एक डीसी वेव्हमेकर पुरतो, तिथे हाच आकडा अर्ध्या लिटरवर येतो. पुण्यासाठी मी तीच रचना निवडावी असं म्हणेन, आणि कारण वेगापेक्षाही हेच.

थंड करायला पृष्ठभागावर तिरके फुंकणारे दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे लावा. आपल्याकडे एप्रिल-मेची दुपार कोरडी असते, त्यामुळे पाणी दोन ते चार अंश उतरतं. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्यांचा उपयोग संपतो, पण तोवर उकाडाही ओसरतो. रोज तीन-चार लिटर पाणी उडेल. ती भर आरओच्या पाण्याने घाला, नाहीतर क्षार साचत जातात. बर्फाच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नका: एक लिटरची गोठवलेली बाटली १६० लिटर पाण्याला पाऊण अंशसुद्धा नीट उतरवत नाही, आणि चार-पाच बाटल्या एकदम टाकल्या की तापमान झपकन पडून माशांवर पांढरे ठिपके येतात.

सह्यमीन

महापालिकेचं पाणी म्हणजे खडकवासल्याचं, मऊ, या माशांना उत्तम. क्लोरीनसाठी १०० लिटरला दोन ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) आधी मगात विरघळवून मग घाला. आठवड्याला चतुर्थांश पाणी बदला, पण शुक्रवारी नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असला की दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा, कमी दाबाने आणि सुरुवातीला गढूळ येतं. मासे सोडण्याआधी चार ते सहा आठवडे टाकी तशीच चालवा. अमोनिया आणि नायट्राइट (कुजण्यातून होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्य आल्याशिवाय मळ्या नकोच, तो सगळ्यात आधी दगावतो.

फिटिंगवाला

विजेचं राहिलं. वाहत्या टाकीत पंप थांबला की साध्या टाकीपेक्षा लवकर अडचण येते, कारण इथल्या माशांनाही जास्त ऑक्सिजन लागतो आणि स्पंजातल्या जिवाणूंनाही. सगळं इन्व्हर्टरवर टाकू नका, एकच पंप किंवा वेव्हमेकर टाका. १५० एएचच्या बॅटरीतून पंखे-दिवे वगळून १५ वॅट दिवसभर निघतात, ७० वॅट मात्र पंधरा तासांच्या पुढे जाणार नाहीत. इन्व्हर्टर साइनवेव्ह हवा, स्क्वेअरवेव्हवर एसी पंप गुणगुणतो आणि तापतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप ठेवा.

वीज तीन-चार तासांपेक्षा जास्त गेली असेल तर परत आल्यावर लगेच पंप चालू होऊ देऊ नका. पाइपात आणि स्पंजात कोंडलेलं पाणी तोवर प्राणवायूविना कुजायला लागलेलं असतं, पहिल्याच धारेला ते सगळं माशांच्या अंगावर येतं. दोन्ही स्पंज काढा, टाकीच्याच पाण्यात पिळा, पाइपातलं पाणी सायफनने बाहेर काढा, मग चालू करा. आयताची रचना केलीत तर हे दर वेळी करावं लागेल. आडभिंतीत फक्त स्पंज फिल्टरच पिळायचा.

पंपाची लाइन ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीवर (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) घ्या आणि प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. वीज आल्यावर पंपाला हात लावून थरथर जाणवते का बघा. नुसती गुणगुण असेल आणि धार नसेल तर आतला पंखा वाळूच्या कणाने अडकला आहे: प्लग काढा, पुढचं झाकण फिरवून उघडा, पंखा ओढून काढा आणि दांडी जुन्या टूथब्रशने घासा.